पेटीचा सूर चढत नाही: चरईतल्या सत्तावीस कॅसेट्सचं प्रकरण

ठाण्यात चरईतल्या एका घराच्या माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात सत्तावीस कॅसेट्स. माझ्या मित्राचे वडील, आमचे काका, पेटी वाजवायचे. दर गुरुवारी त्यांच्याकडे भजन असायचं. १९८३ ते १९९१ या काळात जमेल तेव्हा काका टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रात) कॅसेट घालायचे, लाल बटण दाबायचे आणि पेटीला बसायचे. काकांना जाऊन बारा वर्षं झाली. मित्र पुण्यात. गेल्या जूनमध्ये काकूंचा फोन आला. "अरे, तुला त्या टेपमधलं कळतं ना? मला त्या सगळ्याच्या सीड्या करून दे."

सीडीच का, हे मीही विचारलं. पेनड्राइव्ह आहे, फोन आहे. काकू म्हणाल्या, "फोनवर गाणं लावलं की मधेच कोणाचातरी फोन येतो. सीडी लावली की कोणी येत नाही." त्यांच्याकडे जुना सीडी प्लेअर आहे, तो चालतो, आणि त्यातली बटणं त्यांना चष्म्याशिवाय लागतात. माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, त्याला मागे बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेणारं निळं लाईन-इनचं भोक आहे आणि पुढे डीव्हीडी रायटर. विषय मिटला.

पुढचं सगळं वाचायचं नसेल त्यांच्यासाठी आत्ताच सांगतो. या कामात कॉम्प्युटरने सुधारलं थोडं आणि बिघडवलं जास्त. जे काही मिळवायचं ते कॅसेट आणि हेड (फितीवरचा आवाज वाचणारा यंत्राचा भाग) यांच्यामध्येच मिळवावं लागतं. तिथे सुटलेला आवाज नंतर कुठलंही सॉफ्टवेअर आणून देत नाही.

आधी हिशोब. साठ मिनिटांच्या १९, नव्वदच्या ७ आणि एकशेवीसची १. म्हणजे १,८९० मिनिटं, साडेएकतीस तास. याला पळवाट नाही, साडेएकतीस तासांची टेप साडेएकतीस तासच वाजते. ऑडिओ सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनल. मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. मूळ रेकॉर्डिंग मी २४ बिटांत केलं, म्हणजे सगळं मिळून ३० जीबी. आजच्या डिस्कला ते काहीच नाही. अडचण निघाली ती चकतीची. चकती ऐंशी मिनिटांची आणि कॅसेट नव्वदची. हे काकूंना समजावून सांगताना मी जरा चाचरलोच. त्या म्हणाल्या, "म्हणजे भैरवी दुसऱ्या सीडीवर? चालेल. भैरवी नेहमी उशिराच व्हायची."

माझ्याआधी काकूंच्या नातवाने मे महिन्याच्या सुट्टीत एक प्रयत्न केला होता. टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकात घातली आणि रेकॉर्ड केलं. ते ऐकलं तेव्हा गंमत वाटली. गायक ठीक, पण पेटी दोन सेकंद वाजायची आणि विरून जायची. परत सूर बदलला की उठायची, परत विरायची. जणू कोणीतरी भात्यावरचा हात काढून घेतोय. कारण साधं आहे. लॅपटॉपमधलं ते भोक मुळात बोलण्याच्या माइकसाठी असतं, आणि बोलणं स्वच्छ ऐकू जावं म्हणून मागे सतत चालणारा आवाज दाबण्याची सोय अनेक लॅपटॉपांमध्ये चालूच असते. पंखा, एसी, हे त्या सोयीला नको असतात. धरून ठेवलेला षड्ज तिला पंख्यासारखाच वाटला. शिवाय माइकच्या भोकात काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते, तिथे त्याच्या कित्येक पटीने मोठा सिग्नल गेल्यावर टाळ फाटले नसते तरच नवल. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद करता येते. पण लाईन-इन असेल तर माइकच्या वाटेला जाऊच नये.

काकांचा टू-इन-वन मी वापरला नाही. त्याच्यातला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. माझ्याकडे जुना कॅसेट डेक आहे, स्टेशनजवळच्या एका मेकॅनिककडून नवा बेल्ट घालून घेतलेला. डेकची लाईन-आउट, कॉम्प्युटरची लाईन-इन, दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. सुरुवातीला ते दोन वेगवेगळ्या प्लगवर होते तेव्हा ५० हर्ट्झची घूं मागे सतत होती. एका बोर्डवर आणल्यावर जवळजवळ गेली.

पहिलं काम मात्र पेचकसाचं. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या तोडून टाकल्या. त्या असल्या की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, आणि जवळपास चाळीस वर्षांपूर्वीच्या गुरुवारांवर चुकून एक बटण दाबलं जाणं मला परवडणारं नव्हतं. सत्ताविसातल्या एकाही कॅसेटची पट्टी काकांनी तोडलेली नव्हती.

मग कापसाला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून हेड पुसलं. दर दोन कॅसेट्सनंतर पुसत गेलो. कापूस दर वेळी तपकिरी निघायचा.

तरीही पहिली कॅसेट लावली तेव्हा आवाज घोंगडी पांघरून आल्यासारखा. टाळ ऐकूच येत नव्हते, नुसती ठकठक. इथे मी एक संध्याकाळ घालवली आणि ती संध्याकाळ वसूल झाली. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते. म्हणजे दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची एक लाट फितीवर पाच मायक्रॉनसुद्धा भरत नाही. माणसाचा केस तिच्या दहापटीहून जाड. हेडमधली फट फितीला बरोबर काटकोनात नसेल, अगदी किंचित कललेली असेल, तरी इतक्या बारीक लाटा एकमेकींना पुसून टाकतात आणि वरचा आवाज जातो. आता काकांच्या टू-इन-वनचं हेड कललेलं होतं. त्याने रेकॉर्ड केलेलं त्याच्यावर लावलं तर छान, कारण कल तोच. माझ्या डेकचं हेड सरळ, म्हणून माझ्याकडे सगळं बोबडं.

हेडच्या बाजूला एक स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा काकूंच्या नेलपॉलिशने ठिपका देऊन ठेवली (बाटली सुकत आलेली, दोन थेंब निघाले), आणि टेप चालू ठेवून स्क्रू फिरवायला लागलो. एक अष्टमांश वळसा. आणखी थोडं. एकदम टाळ आले. हळूहळू नाही, एकदम. कोणी दार उघडावं तसे. आणखी फिरवला की परत जायचे. टाळांची किणकिण सगळ्यात टोकदार लागली तिथे थांबलो. काकूंना कळलं नाही मी काय केलं, पण त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

या जुळणीचा आणखी एक फायदा झाला. टू-इन-वन मोनो होता, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलवर गाणं तेच, पण खरखर मात्र वेगवेगळी. दोन्ही चॅनल मिसळले की गाणं जितकं चढतं तितकी खरखर चढत नाही. आवाज स्वच्छ करण्याचा याहून प्रामाणिक उपाय मला माहीत नाही. हेड जुळलेलं नसताना मिसळलं तर उलट आणखी मातेरं होतं.

एक कॅसेट तरीही बोबडीच राहिली. टीडीकेची एसए, मंडळातल्या कोणीतरी दुबईहून आणलेली, काकांनी खास दत्तजयंतीसाठी जपून ठेवलेली. एसए म्हणजे क्रोम जातीची, फितीवरचा लेप वेगळा. तिच्या पाठीला जादा खाचा असतात, त्या खाचा ओळखून डेक आपोआप क्रोमसाठीची जुळणी लावतो आणि वरचा आवाज जरा खाली आणतो. पण टू-इन-वनला क्रोम-बिम काही कळत नव्हतं. त्याने ती साध्या कॅसेटसारखीच भरली होती. खाचांवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला, डेक फसला, आवाज उघडला. डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करण्याचं, बटण तर सगळ्याच कॅसेट्सना बंद ठेवलं. ज्या यंत्रात डॉल्बी नव्हती त्याच्या कॅसेटला डॉल्बी लावणं म्हणजे चांगल्या गाण्यावर उशी ठेवणं.

चार कॅसेट्सच्या आतली फेल्टची गादी निखळून पडली होती. तांब्यासारख्या पट्टीवर असते ती, फितीला हेडवर दाबून धरणारी. डिंक सुकला की पडते आणि मग आवाज येतो-जातो. या चौघींना नव्या कवचात घालावं लागलं. पाच स्क्रूंची एक जुनी, नको असलेली कॅसेट रद्दीवाल्याकडून आणली. ताटात पांढरा रुमाल पसरला, पंखा बंद केला, आणि स्क्रू काढून झाकण सरळ वर उचललं. तिरकं उचललं की रिळं बाहेर उडी मारतात, हे मला शाळेत असतानापासून माहीत होतं. दोन्ही रिळं अंगठ्याने धरून एका कवचातून दुसऱ्यात ठेवली, कोपऱ्यातल्या दोन छोट्या चाकांवरून फीत फिरवली, झाकण लावलं, आणि षटकोनी पेन्सिल घालून चार वळसे दिले. कवच एकच असल्याने प्रत्येकीचं रेकॉर्डिंग झालं की ती परत आपल्या जुन्या घरात. तुटलेली फीत एका ठिकाणी कोणीतरी सेलोटेपने जोडली होती. सेलोटेपचा चिकटा वर्षानुवर्षं बाहेर सरकतो आणि शेजारच्या वळशांना धरतो; तो तुकडा सोडवताना अर्धा सेकंद गेला. गौळणीतला एक शब्द.

बुरशी दोघींना. खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेवर पिठासारखं पांढरं. ठाण्याचा पाऊस आणि न्हाणीघरावरचा माळा, दुसरं काय होणार! त्या दोघींना सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवलं आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, तोंडाला मास्क लावून गॅलरीत एका मोडक्या वॉकमनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे-मागे गुंडाळल्या. चांगल्या डेकमध्ये बुरशी नेऊ नये, ती पुढच्या कॅसेटला लागते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

अकरा नंबरची कॅसेट. कार्डावर काकांच्या अक्षरात "गावी सप्ताह, १९८६". ए बाजू सुरू झाली तेव्हा बुवांचा आवाज भरदार. पंधराव्या मिनिटाला तरुण. पंचविसाव्या मिनिटाला चक्क मुलगा. लय पण चढलेली, पण भजनात लय चढतेच म्हणून तिकडे आधी लक्ष गेलं नाही. काकू म्हणाल्या, "बुवा तेव्हा साठीचे होते रे."

गावी तेव्हा विजेचा भरवसा नव्हता. टू-इन-वन चार मोठ्या सेलवर चालवला. सेल उतरत गेले तशी मोटर मंदावली, फीत हळू सरकली. हळू भरलेली फीत आज योग्य वेगाने वाजवली की आवाज वर चढतो. (याच कारणाने चरईतल्या कॅसेट्सवर लाईट गेलेल्या जागाही ओळखू येतात. वाटतं आवाज खाली घसरेल, पण उलट होतं: चिर्र करून वर उडतो आणि तुटतो.)

पण किती चढला, हे कशावरून ठरवायचं? गायक स्वतःही थोडा चढू शकतो. लयीवर तर भरवसाच नाही. मग लक्षात आलं की साथीला पेटी आहे. पेटीचा सूर गाता गाता चढत नाही. पेटी चढली असेल तर टेपच चढली आहे. आणि पेटी अजून घरात होती, दिवाणाखाली, गवसणीसकट.

"सप्ताहाला हीच नेली होती का?" मी विचारलं.

"हीच. एसटीच्या टपावर टाकू देईनात हे. ठाण्यापासून गावापर्यंत मांडीवर."

काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) दाबली आणि भाता मारला. कॉम्प्युटरवर मोजलं. पुस्तकी हिशोबाने ती २७७ हर्ट्झ असायला हवी. काकांची पेटी २७९ दाखवत होती. पुस्तक बाजूला ठेवलं आणि पेटी प्रमाण मानली. कॅसेटच्या सुरुवातीच्या अभंगात तोच सूर २८०. म्हणजे तिथे सेल ताजे. शेवटच्या अभंगात ३१२. बाराएक टक्के जास्त, जवळजवळ काळी दोन. बुवांचं वय कुठे गेलं ते सापडलं.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये वेग हळूहळू बदलत नेण्याचा इफेक्ट आहे. आधी तो सगळ्या बाजूला एकदम लावून पाहिला आणि मधलं सगळं बिघडलं, कारण सेल एकसारखे उतरत नाहीत. बराच वेळ तग धरतात आणि मग एकदम बसतात. म्हणून शेवटी ए बाजूचे सात अभंग वेगळे केले, प्रत्येकात पेटीचा षड्ज जिथे स्पष्ट लागतो अशा दोन जागा मोजल्या, आणि त्या-त्या अभंगाला त्याची दुरुस्ती दिली. एक काळजी घ्यावी: वेग बदलणारा इफेक्ट वापरायचा, नुसता पिच बदलणारा नव्हे. इथे सूर आणि लय दोन्ही एकाच कारणाने बिघडले आहेत, ते एकत्रच परत यायला हवेत. दोन रविवार गेले. दुरुस्त केलेली ए बाजू अठ्ठावीस मिनिटांची जवळजवळ तीस झाली.

यशाची हवा डोक्यात गेली असणार, कारण पुढची चूक माझी. पहिल्या सहा कॅसेट्सच्या सीड्या मी अगदी नीटनेटक्या करून नेल्या. प्रत्येक अभंग वेगळा ट्रॅक, मधली खाकरणी, पानं चाळणं, टाळ खाली ठेवल्याचे आवाज सगळं कापलेलं. वर खरखर काढण्याचा इफेक्टही लावला होता, बारा डेसिबलचा. काकूंनी दोन दिवसांनी बोलावलं. "गाणी सगळी आली. हे कुठे गेले?"

काका गायचे नाहीत. अभंग संपला की मात्र बोलायचे. "आता गौळण घ्या", "अहो, खिडकी लावा, पाऊस आत येतोय", "चहा टाका म्हणावं". ते सगळं मी कापून फेकलं होतं. नशिबाने मूळ फाइली तशाच होत्या. त्यांना हात लावायचा नाही हा एक नियम मी पाळला होता.

दुसऱ्या फेरीत काहीच कापलं नाही. ट्रॅकची खूण फक्त अभंग सुरू होतो तिथे टाकली, म्हणजे बोलणं आधीच्या ट्रॅकच्या शेपटाला राहिलं. सीडी एका दमात लिहिण्याचा पर्याय निवडला, नाहीतर काही प्रोग्राम दर ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता घालतात आणि काकांचं वाक्य मधेच तुटतं. खरखर काढणंही बंद केलं. हेडफोन लावून परत ऐकलं तेव्हा कळलं की त्या इफेक्टने टाळ पाण्याखाली नेले होते. पंख्याचा आवाज ठेवला. एका जागी अभंग सुरू होण्याच्या दोन सेकंद आधी त्याचीच पहिली ओळ अगदी पुसट ऐकू येते. काकू दचकल्या होत्या, "आधी कुजबुजतंय कोण?" वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेल्या फितीचा एक वळसा शेजारच्या वळशावर छाप सोडतो, त्याचा तो आवाज. तोही ठेवला.

चकत्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ४८च्या वेगाने लिहिलेल्या दोन काकूंच्या प्लेअरने नाकारल्या, १६च्या वेगाच्या सगळ्या चालल्या. एमपी३ची सीडी तो जुना प्लेअर वाचत नाही, ऑडिओ सीडीच लागते. वर स्टिकर लावला नाही, सीडीच्या मार्करने मोठ्या अक्षरात नंबर. नव्वदच्या चार कॅसेट्स कोरी शेपटं काढल्यावर एकेका चकतीत मावल्या, तिघींना दोन-दोन लागल्या. एकूण २९ चकत्या, दोन संच. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे, एक पुण्याला मित्राकडे. चकत्यांच्या भरवशावर राहण्याइतका मी भाबडा नाही. वेळेचा हिशोब कॅसेटच्या एका तासाला माझे तीन, अकरा नंबर सोडून.

सव्वीस झाल्या. राहिली ती एकशेवीसची. तिची फीत इतकी पातळ आहे की माझ्या डेकने दोनदा ती ओढून रोलरभोवती गुंडाळली. दोन्ही वेळा पेन्सिलने सोडवली. तिसऱ्यांदा धाडस केलं नाही. मेकॅनिक नवा रोलर मागवतो म्हणालाय. तोपर्यंत तिला कोरडं ठेवा, असं काकूंना सांगून आलो. परवा गेलो तर ती तांदळाच्या डब्यात होती. तांदळाचं पीठ फितीला काय करतं हे सांगून, तिथून काढून सिलिका जेलच्या डब्यात घातली. काकू म्हणाल्या, "फोन भिजला की तांदळातच ठेवता ना तुम्ही?"